दसऱ्याचा काटा आणि गॅसची गोळी

ही केस आमच्या अक्कांची. त्यांना विचारूनच लिहितेय, फक्त नाव घालू नको म्हणाल्या, "अक्का म्हणूनच लिही की, अख्खी गल्ली तेच म्हणते." वय ७१, राहायला बेळगावात, टिळकवाडीत तिसऱ्या रेल्वे गेटच्या बाजूला, जुनं कौलारू घर, पुढं-मागं मोकळी जागा आणि त्या जागेत चाळीसेक गुलाब. शुगर बारा वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून, कोलेस्ट्रॉलची गोळी मधे कधीतरी सुरू झाली. आमच्या वयाच्या बायकांचं हे रेशनकार्डच म्हणायचं, सगळ्यांचं सारखं.

आम्ही पाच-सहा जण रोज सकाळी वॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात फिरायला जातो. फिरणं पंधरा मिनिटं आणि बसणं पाऊण तास. मी पोस्टातून रिटायर, एक मास्तर आहेत मराठी शाळेतले, खानापूरकडच्या मामी आहेत ज्यांच्याकडं प्रत्येक दुखण्याला एक पाला असतो, आणि कंपौंडर अण्णा, ज्यांची पस्तीस वर्षं खडेबाजारात औषधाच्या दुकानात गेली. अण्णांचं घरचं बोलणं कन्नड, आमच्यात मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. विषय ठरलेले, गुडघे, शुगर, जास्वंदीवरचा मिलीबग, कुणाच्या कुंडीत गांडुळं झाली, कुणाच्या पोराला पुण्यात फ्लॅट मिळाला. कुंडीतल्या रोपांच्या फांद्या पिशवीतून येतात-जातात, त्याच पिशवीतून कधीकधी डॉक्टरचे रिपोर्टपण येतात.

तर २०२३ चा दसरा. आमच्याकडं गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतरच, पाऊस उघडलेला असतो, थंडी यायची असते, तेव्हा छाटलं की दीड-दोन महिन्यात फुलं. अक्का दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच कात्री घेऊन बसल्या. त्यांचा एक जुना ग्लॅडिएटर जातीचा गुलाब आहे, कलमाच्या खालून रानगुलाबाचा धुमारा फुटलेला, तो कापायचा नसतो, मुळापासून ओढून काढायचा असतो, नाहीतर परत फुटतो. ओढताना उजव्या हाताच्या तर्जनीत काटा घुसला. हातात मोजे होते, पण कसले, तर नातवाचे क्रिकेटचे जुने आतले सुती मोजे, तेही पाण्यानं भिजलेले. काटा उपसला, रक्त दाबून काढलं, हळद लावली आणि मोरचूद-चुन्याची पेस्ट छाटलेल्या टोकांना लावायची राहिली होती ती लावून मगच घरात गेल्या. बोटाकडं परत बघितलंसुद्धा नाही. गुलाब पाळणाऱ्याला काटा टोचणं म्हणजे स्वयंपाक करणारीला चटका बसण्यासारखं, कोण लक्षात ठेवतंय.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते कारण नंतर ती महत्त्वाची ठरली. त्या कुंड्यांच्या बुडाशी अक्कांनी भाताचं जुनं पिंजर आच्छादन म्हणून घातलेलं होतं, आदल्या वर्षीचं, पावसात कुजून काळं पडलेलं. तो काटा त्याच्यातूनच वर आलेला.

दिवाळीच्या आठवड्यात, म्हणजे काट्यानंतर तीनेक आठवड्यांनी, चकलीचा सोऱ्या फिरवताना बोटाला काहीतरी लागतंय म्हणून बघितलं तर तिथं हरभऱ्याएवढी लालसर गाठ. दुखत नव्हती. ह्या न दुखण्यानंच सगळा घोळ केला असं माझं मत आहे, दुखलं असतं तर अक्का दुसऱ्याच दिवशी धावल्या असत्या. आठ-दहा दिवसांनी गाठ वरून फुटली, पण गळवासारखा पू नाही, नुसती ओलसर जखम, भरतही नाही आणि वाढतही नाही.

मग घराजवळच्या डॉक्टरांकडं गेल्या. कोण ते सांगत नाही, माणूस चांगला आहे, आणि चूक एकट्या त्यांची नव्हती. त्यांनी विचारलं, "एनादरू चुच्चिदेया?" म्हणजे काही टोचलंय का. अक्कांना कन्नड चांगलं येतं, आयुष्य गेलंय इथं, त्यांनी लगेच "इल्ला" म्हणून सांगितलं. भाषेचा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा की अक्कांच्या डोक्यात टोचणं म्हणजे काल-परवाचं, खिळा, पिन, तार. दसऱ्याचा काटा दिवाळीला कोण सांगतंय! आणि डॉक्टरांनीपण 'गेल्या दोन-तीन महिन्यांत' असं काही विचारलं नाही. झालं, शुगरवाल्या बाईची न भरणारी जखम म्हणून फाइल तयार. धनुर्वाताचं इंजेक्शन, सात दिवस अँटिबायोटिक, मग दुसरं, जास्त जोराचं, दहा दिवस. शुगर बघितली तर तीन महिन्यांचं ॲव्हरेज आठच्या वर, मग काय, सगळा दोष शुगरवर आणि शुगरचा दोष दिवाळीवर.

इकडं डेपोतल्या बाकावर आमचं मेडिकल कॉलेज सुरू. मामी म्हणाल्या, "कांदा भाजून बांध, मी सांगतो ते ऐक, आमच्या आईनं कितीतरी गळवं बशिवली त्याच्यानं." (मामी असंच बोलतात, 'मी सांगतो, मी येतो', आमच्या भागात बायकापण असं बोलतात.) मास्तरांनी एरंडाचं पान सुचवलं, मी आपली मीठ-पाण्यात बोट बुडवा म्हटलं, म्हणजे मीपण त्यातलीच. अण्णा एकटे काही बोलेनात. चार-पाच दिवसांनी एवढंच म्हणाले, "दोन कोर्स खाऊन बसत नाही म्हणजे हे नेहमीचं जंतूच नव्हे." पण त्यांचं कोण ऐकतंय, कंपौंडर शेवटी कंपौंडरच म्हणून सोडून दिलं, त्याची मला अजून लाज वाटते.

डिसेंबरमध्ये दुसरी गाठ आली, हाताच्या पाठीवर. मग मनगटाच्या वर तिसरी. नाताळाच्या सुट्टीत मुलगी पुण्याहून आली तेव्हा कोपरापर्यंत पाच झालेल्या, आणि सगळ्या एका रेषेत, जसं कुणी मोजून ओवल्यासारखं. मास्तर बघून म्हणाले, "ही तर जपमाळ झाली की." हसलो सगळे, पण त्यांच्या तोंडून निदानच निघालं होतं हे तेव्हा कुणाला कळणार. मुलगीनं फोटो काढले आणि आईला धरूनच स्किनच्या डॉक्टरांकडं नेलं, सोबत मी.

त्या डॉक्टरांनी हात बघितला, गाठींवरून बोट फिरवलं आणि पहिलाच प्रश्न, "घरी बाग आहे काय?" अक्का एकदम खुलल्या, चाळीस गुलाब, अमुक रंग, तमुक रंग. "काटा कधी टोचलेला?" अक्का म्हणाल्या, तो होय, तो दसऱ्याला, पण तो तर भरला. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. दोन महिने आम्ही शुगर, पित्त, उष्णता, ग्रह सगळं काढलं आणि काटा मात्र कुणालाच सांगितला नव्हता.

डॉक्टरांचा संशय होता स्पोरोट्रायकोसिसचा. नाव मोठं आहे, पण गुलाबवाल्यांचा रोग म्हणूनच तो जगभर ओळखला जातो. स्पोरोथ्रिक्स नावाची एक बुरशी आहे, ती मातीत, कुजक्या पाल्यात, गवतात, लाकडात, शेवाळात सुखानं राहते. बाहेर थंड-ओल्या हवेत, पंचवीस डिग्रीच्या आसपास, ती धाग्यांसारखी वाढते, आणि काट्याबरोबर कातडीखाली गेली की शरीराच्या सदतीस डिग्रीला रूप बदलून यीस्टसारखी गोल होते. टोचल्यापासून गाठ यायला आठवडा ते तीन महिने काहीही लागू शकतं, म्हणून माणूस काटा विसरून जातो. मग ती लसिकावाहिन्यांच्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांच्या, वाटेनं वर चढते, प्रत्येक टप्प्यावर एक गाठ, म्हणून ती माळ. काटा फक्त सुई झाला, बुरशी बहुतेक त्या कुजक्या पिंजरातली. डॉक्टर म्हणाले, माझा अंदाज पक्का आहे पण पुराव्याशिवाय एवढी लांब ट्रीटमेंट शुगरच्या पेशंटला द्यायची नाही, कारण अशीच माळ आणखी दोन-चार रोगांत दिसते, त्यात टीबीच्या घराण्यातले जंतूपण आले.

संक्रांतीच्या आधी गाठीचे दोन छोटे तुकडे काढले. ही गोष्ट मला नवी होती म्हणून सांगते: एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा नुसत्या सलाइनमध्ये. फॉर्मॅलिनमधला सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, सलाइनमधला बुरशी वाढवून बघायला. दोन्ही फॉर्मॅलिनमध्ये घातले तर बुरशी मरते आणि कल्चर कधीच येत नाही. नर्सनं दोन्ही बाटल्यांवर लेबल लावून अक्कांच्याच हातात लॅबला द्यायला दिल्या, अक्कांनी त्या प्रसादाच्या डब्यासारख्या मांडीवर धरल्या.

पहिला रिपोर्ट चार दिवसांत आला आणि त्यानं घर हलवलं. त्यात ग्रॅन्युलोमा असा शब्द होता, मुलगीनं फोनवर शोधलं आणि सगळीकडं टीबी, टीबी. अक्कांच्या थोरल्या दीरांना टीबीनं नेलेलं, त्या काळचं, घरात कप वेगळे ठेवायचे दिवस त्यांनी बघितलेले. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा कप स्वतःच वेगळा केला. शेजारणीनं हळदीकुंकवाला यायचं टाळलं, कुणी काही बोललं नाही, पण कळतं की. डॉक्टरांनी समजावलं की ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीरानं शत्रूभोवती घातलेला वेढा, आत शत्रू कोण आहे ते त्यावरून कळत नाही, आणि ह्या बुरशीच्या केसमध्ये तुकड्यात बुरशी प्रत्यक्ष दिसणं अवघडच असतं, कल्चरची वाट बघा. हा रोग असला तर कपातून, ताटातून, हात धरल्यानं पसरत नाही. ब्राझीलमध्ये ह्याच घराण्यातली एक बुरशी मांजरांच्या ओरखड्यातून माणसांना होते, रिओकडं १९९८ च्या सुमारापासून ती डोकेदुखी आहे, पण माणसाकडून माणसाला असं नाही. अक्कांनी विचारलं, "आमच्या मनीला काय होत नाही ना?" मांजर ठणठणीत आहे, पिंजरावरच झोपतं.

दोन आठवड्यांनी कल्चर आलं. आधी पांढरट वाढ आली, मग ती तपकिरी-काळी पडत गेली, स्पोरोथ्रिक्सच. जानेवारी संपत आलेला. काट्यापासून निदानापर्यंत तीन महिने.

नंतर मी ह्याबद्दल जमेल तेवढं वाचलं. १८९८ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला बेंजामिन शेंक नावाच्या तरुणानं अशा हाताचं पहिलं वर्णन लिहिलं. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत १९४० च्या दशकात जवळपास तीन हजार मजुरांना हा झाला, खाणीला टेकू दिलेल्या लाकडांवर बुरशी वाढलेली आणि अंग घासलं की झाला. आणि १९८८ मध्ये अमेरिकेत पंधरा राज्यांत ८४ जणांना, रोपांच्या मुळांना गुंडाळायच्या शेवाळातून, स्फॅग्नम मॉसमधून. हे मी बाकावर सांगितलं तेव्हा मास्तरांचा चेहरा पडला, कारण त्यांच्या मनीप्लांटच्या काठीला आणि ऑर्किडला तेच मॉस आणि ते उघड्या हातानं भिजवून पिळायचे. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात केसेस जास्त, पण कर्नाटकातपण सापडतात.

आता ट्रीटमेंट. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल, रोज, भरल्या पोटी, सगळ्या गाठी गेल्यावरही काही आठवडे, म्हणजे धरून चाला सहा महिने. पूर्वी ह्याला पोटॅशियम आयोडाइडचं पाणी देत, दुधातून थेंब-थेंब, अण्णांनी ते तरुणपणी बाटलीत भरून दिलेलं आठवतंय म्हणाले. आधी लिव्हरची टेस्ट, हृदयाची चौकशी, कारण हार्ट कमजोर असेल तर ही गोळी नको. मग डॉक्टरांनी विचारलं की सध्या कायकाय गोळ्या चालू आहेत ते सांगा. अक्कांनी पर्समधून कागद काढला, शुगरची, बीपीची, कोलेस्ट्रॉलची. कोलेस्ट्रॉलची ह्या औषधाबरोबर जमत नाही, रक्तात साठून स्नायूंना त्रास होतो म्हणून ती तेवढे महिने बंद. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन होती, ती ठेवली, पण पाय सुजले तर त्याच दिवशी फोन करा असं बजावलं. "आणखी काही?" "नाही." मी शेजारीच बसलेली, मीपण नाहीच म्हटलं.

औषध सुरू झालं आणि काहीच होईना. फेब्रुवारी गेला. बोटावरची जखम तशीच, एक गाठ उलट फुटली. पंधरवड्याला जायचं, डॉक्टर बघायचे, लिव्हर ठीक, शुगरपण आता बऱ्यापैकी उतरलेली, गोळी चुकत नाही ना, नाही, जेवूनच घेता ना, हो. त्यांनी डोस वाढवून बघितला. मामींनी परत शेकाचा विषय काढला आणि ह्या वेळी गंमत म्हणजे डॉक्टर त्याला हसले नाहीत. ही बुरशी उष्णतेला नाजूक आहे, काही पेशंटना, विशेषतः गरोदर बायकांना जिथं औषध देता येत नाही तिथं, गरम शेक हाच उपचार म्हणून देतात. मामी तेव्हापासून बाकावर ताठ बसतात. पण शुगरवाल्यांना बोटात चटका कळत नाही, भाजून घेतलं तर दुसरं दुखणं, म्हणून कोमटच आणि दुसऱ्या हातानं तपासून, अशी अट घातली.

होळीला अक्कांकडं पुरणपोळीला बोलावणं होतं. दरवर्षी असतं. जेवणं झाली, अक्का स्वयंपाकघरात कॅप्सूल घ्यायला गेल्या, अण्णा हात धुवायला मागोमाग. तिथं खिडकीच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी एक छोटी स्टीलची डबी, झाकण उघडं, आत गोळ्यांची स्ट्रीप. अण्णांची नजर पस्तीस वर्षांची, स्ट्रीपच्या मागची चांदी बघूनच त्यांना कळलं. बाहेर आमच्यापर्यंत आवाज आला.

"अक्का, ही कुणाची?"

"माझीच की. गॅसची."

"कधीपासून घेताय?"

"झाली चार-पाच वर्षं. गुडघ्याला पेनकिलर दिलेली तेव्हा दिलेली बघा, मग बरं वाटतंय म्हणून सोडलीच नाही. रोज उठल्यावर एक."

"स्किनच्या डॉक्टरना सांगितलाय?"

"ते काय औषध आहे होय अण्णा? गॅसची गोळी ती."

अण्णा तिथंच स्टुलावर बसले आणि आधी कन्नडमध्ये काहीतरी बोलले जे मी लिहीत नाही. मग समजावलं. गॅसची म्हणून जी सकाळची गोळी, पॅन्टोप्राझोल, ती पोटातलं अ‍ॅसिड बंद करते. आणि इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला अ‍ॅसिडच लागतं, म्हणून तर भरल्या पोटी घ्यायची. सकाळी अ‍ॅसिडचा नळ बंद करायचा आणि दुपारी त्याच पोटात ही महागाची कॅप्सूल टाकायची, मग ती जाते कुठं, तर बरीचशी तशीच बाहेर. "आठ आठवडे तुम्ही संडासाला औषध दिलासा," असं अण्णा म्हणाले, पुरणपोळीनंतर लगेच.

मला ह्या केसमधला खरा धडा वगैरे काढायचा नाही, पण मी ह्या जागेवर बराच विचार केलाय. अक्का खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरात औषधाचा डबा वेगळा, कपाटात, त्यावर मुलगीनं लिहून चिकटवलेलं. आणि गॅसची डबी मिठाशेजारी, ओव्याच्या बाटलीबरोबर. ती गोळी त्यांच्या मनात ओव्याच्या रांगेत जाऊन बसली होती. माझ्या घरी येऊन बघितलं तर कॅल्शियम फ्रीजवर, झोपेची अर्धी गोळी उशीखाली, आणि मूळव्याधीचं चूर्ण देवघरात. ह्यातलं मी कुठल्या डॉक्टरला कधी सांगितलंय? 'कायकाय औषधं चालू आहेत' ह्या प्रश्नाला आम्ही दुखण्यांची यादी सांगतो, तोंडात काय जातं त्याची सांगत नाही. डॉक्टरांनी 'गॅसची, झोपेची, आयुर्वेदिक' असं नाव घेऊन विचारलं असतं तर अक्का लगेच बोलल्या असत्या, आणि हे मी त्यांना नंतर सांगितलंपण, त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

अण्णांनी एक गोष्ट चांगली केली, गोळी हिसकावून घेतली नाही. म्हणाले सकाळी फोन करा आणि डॉक्टर सांगतील तसं करा, कारण कुणाला अल्सर असतो, कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर ती मुद्दाम दिलेली असते, मनानं बंद करायची नसते. अक्कांना तसं काहीच कारण नव्हतं, पेनकिलर तर कधीच थांबलेली. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली. त्यांनी हेपण सांगितलं की कोला पिऊन कॅप्सूल घेतली तर जास्त चांगली मुरते, अ‍ॅसिड असतं म्हणून, पण तुम्हाला शुगर, तेव्हा ते राहू दे. अक्कांना तेवढंच वाईट वाटलं.

बंद केल्यावर पहिले दोन आठवडे मात्र वाईट गेले. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं अ‍ॅसिड एकदम उसळतं, छातीत जळजळ, आंबट पाणी. अक्का म्हणायला लागल्या की बुरशी परवडली. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, चहा दोनावर, उशी उंच, दुपारी ताक. अगदीच सहन झालं नाही तर पातळ औषधाचा एक चमचा, तोही कॅप्सूलच्या वेळेपासून बराच लांब ठेवून. एप्रिलच्या मध्यापर्यंत जळजळ बसली आणि तेवढ्यातच मनगटावरची गाठ मऊ पडली. मग वरच्या एकेक सपाट व्हायला लागल्या. बोटावरची जखम सगळ्यात आधीची, ती सगळ्यात शेवटी भरली.

मे महिन्यात अक्कांचे घोटे सुजले. आता औषध खरोखर अंगात जात होतं, म्हणजे त्याचे उद्योगपण सुरू झाले. इट्राकोनॅझोल लिव्हरमध्ये अ‍ॅम्लोडिपिनची वाट अडवतं, मग बीपीची तीच गोळी दुपटीसारखं काम करते आणि पाय सुजतात. पण ह्याच औषधानं हृदयावर ताण आला तरीपण पाय सुजतात, म्हणून डॉक्टरांनी अंदाजावर सोडलं नाही, त्याच दिवशी बोलावलं, हृदयाची सोनोग्राफी करून घेतली, हृदय ठीक निघालं, बीपीची गोळी बदलली आणि आठवड्यात सूज उतरली. ह्या वेळी अक्कांनी दोन तासांत फोन केलेला. पहिल्या वेळी गाठ दाखवायला दोन-अडीच आठवडे घेतलेल्या बाईनं.

आषाढीच्या सुमाराला हात साफ झाला, बोटावर फिकट डाग तेवढा. त्यानंतर आणखी चार आठवडे गोळी, आणि राखीच्या दिवशी शेवटची. कोलेस्ट्रॉलची परत सुरू.

बागेत काय बदललं ते पटकन सांगते. कुजकं पिंजर सगळं काढून खड्ड्यात घातलं, कुंडीला आता कोरडा पाला आणि तोही दरवर्षी नवा. मास्तर मॉस पिळताना रबरी मोजे घालतात. खत मिसळताना, कुंडी बदलताना पूर्ण बाह्या, आणि हातावर आधीच काही चिरलेलं-खरचटलेलं असलं तर त्या दिवशी मातीत हात नाही. काटा टोचला की साबण-पाण्यानं धुवायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेला 'काटा' असं लिहायचं, ही आयडिया माझी, पोस्टातली सवय. माझ्या कॅलेंडरवर गेल्या वर्षभरात नऊ काटे आहेत, एकाचीही गाठ झाली नाही. हा रोग काही रोजचा नव्हे, काटे रोजचे.

औषधांच्या यादीचा कागद अक्कांनी नव्यानं केला. मराठीतच लिहिलाय, खाली मुलगीनं औषधांची नावं इंग्रजीत घातलीत डॉक्टरांसाठी. त्यात ओवापण आहे. अण्णांनी ओवा खोडायला सांगितला, अक्कांनी खोडला नाही.

२०२४ च्या दसऱ्यानंतर छाटणीला आम्ही सगळेच गेलो, थोडं मदतीला आणि जास्त पहारा द्यायला. अण्णांनी हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगवाल्याचे चामड्याचे मोजे आणून दिलेले, कोपरापर्यंतचे. ग्लॅडिएटरनं कलमाखालून परत धुमारा काढलेला, तोच, त्याच जागेवरून. अक्कांनी दोन फांद्या छाटल्या, तिसरीला हात अडखळला, "ह्याच्यातून फांदीवरचा डोळा कुठं आहे ते कळतच नाही बाई," म्हणून उजवा मोजा दातानं ओढून काढला आणि आम्ही चौघं एकदम ओरडलो.